मुरगूडची भरलेली टाकी

सोमवार, १९ जानेवारी. कोल्हापूर, मंगळवार पेठ.

हजर: मी. अमेय, आमच्या संस्थेतला तरुण इंजिनिअर. पोट नाजूक, पण ही गोष्ट त्याला स्वतःला अजून मान्य नाही. सर्जेराव, उचगावचे, भाड्याच्या जीपचे मालक आणि चालक; आम्हाला नुसतं इकडून तिकडे न्यायला ठरले होते, पण स्टँडवरून पेठेत पोचेपर्यंत मोहिमेचे प्रमुख झाले होते.

गैरहजर: डिझेल मोजायचं माप. ते नाशिकला माझ्या टेबलावर राहिलं. निघण्याच्या यादीत ते होतं आणि त्याच्यापुढे बरोबरची खूणही होती. खूण मी केली होती, माप अमेयने उचलायचं होतं. यावर आम्ही बसमध्ये पुरेसं बोलून घेतलं आहे, इथे वाढवत नाही.

कोल्हापूरला लोक देवीला जातात, जेवायला जातात, चपला घ्यायला जातात. आम्ही धूर मोजायला गेलो, म्हणून आधी काम काय होतं ते सांगते. राज्यातल्या वाहतुकीत डिझेल जळून किती कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, याचा हिशेब आमची संस्था ठेवते. कागदावर हे सोपं आहे. पंपांवर डिझेल किती विकलं गेलं ते कळतं, एका लिटरमागे किती वायू निघतो ते रसायनशास्त्राने ठरवून दिलेलं आहे, गुणाकार केला की झालं. घोडं अडतं ते पुढे. ते डिझेल कुठल्या चाकांवर जळलं हे पंपाला ठाऊक नसतं. ट्रॅक्टरचं डिझेल आम्ही शेतीच्या खात्यात टाकतो. आणि या जिल्ह्यात उसाचा हंगाम सुरू झाला की तेच ट्रॅक्टर नांगर घरी ठेवून, मागे दोन-दोन ट्रॉल्या लावून, मोठ्याने गाणी वाजवत कारखान्याकडे निघतात. मग ती शेती की वाहतूक? आधी एक ट्रॅक्टर रस्त्यावर किती डिझेल खातो ते प्रत्यक्ष मोजून पाहावं, असं ठरलं. या वयात धुळीत फिरायची हौस असलेली संस्थेत मी एकटीच, म्हणून मी निघाले.

पहिलं काम माप विकत घेणं. पेठेतल्या भांड्यांच्या दुकानात डेअरीत वापरतात तसली लिटरची मापं टांगलेली होती. मी एक मागितल्यावर दुकानदारांनी सहज विचारलं, म्हशी किती हायती? नाशिकला दुकानदार गिऱ्हाइकाच्या संसारात शिरत नाही. मी उत्तर शोधत होते तेवढ्यात सर्जेराव म्हणाले, "म्हशी न्हाईत. पावण्यांस्नी धूर मोजायचाय."

दुकानदारांनी माझ्याकडे नीट बघितलं, माप कागदात गुंडाळलं आणि म्हणाले, "मग झाकण बी घ्या की."

मंगळवार. मुरगूड, पण आधी कर्नाटक.

सकाळी मिसळ. आम्ही नाशिकचे, म्हणजे मिसळ आमचीच असं मानून वाढलेले. आमच्याकडे सोबत पाव, पापड, दही, म्हणजे माणूस सुखरूप घरी जावा अशी व्यवस्था असते. इथे ब्रेडचे जाड काप आणि वर आणखी कट. अमेयने सर्जेरावांच्या देखत दुसऱ्यांदा कट घेतला. त्याच्या कपाळावरच्या घामाबद्दल सर्जेराव शांतपणे म्हणाले की हवा गरम हाय आज. जानेवारीची सकाळ होती, मी शाल पांघरून बसले होते.

मुरगूड कागल तालुक्यात. कागलच्या अलीकडेपलीकडे कुठेतरी वळायचं, असं नकाशा म्हणत होता. सर्जेराव वळले नाहीत. जरा म्होरं जाऊन टाकी भरून येऊ, असं म्हणत त्यांनी जीप सरळ राज्याच्या हद्दीबाहेर काढली. पंपावर कानडी अक्षरं दिसली तेव्हा मला उलगडा झाला. पलीकडे डिझेल स्वस्त, हे या भागातल्या प्रत्येक गाडीवाल्याला आईच्या दुधाबरोबर शिकवलेलं असतं. मी फलकावरचा भाव टिपला. फोनवर कोल्हापूरचा भाव काढला. फरक नावापुरता होता, आणि येण्याजाण्यात जळालेलं डिझेल धरलं तर आम्ही तोट्यात होतो. हे मी सर्जेरावांना आकडेमोडीसकट दाखवलं.

त्यांनी फोन हातात घेऊन मन लावून बघितलं. "बराबर हाय तुमचं," ते म्हणाले. "पर सवय हाय ओ."

म्हणजे बघा. डिझेल कर्नाटकात विकलं गेलं, तिथल्या हिशेबात बसलं, आणि धूर आम्ही महाराष्ट्रात आणून सोडला. आमच्या संस्थेने इतकी वर्षं केलेल्या गुणाकाराला सर्जेरावांच्या सवयीने पाडलेलं हे भोक मी वहीत लिहून घेतलं. आमच्या स्वतःच्या जीपचा धूर कोणत्या खात्यात टाकायचा, असं अमेयने विचारलं. त्याला मी गप्प बसवलं.

मुरगूडच्या बाहेर, शेतालगत, बापूंचं घर. बापू पन्नाशी ओलांडलेले, आवाज खणखणीत. समोर उभ्या माणसाशीही बांधापलीकडे असल्यासारखे बोलतात. दारात त्यांचा लाल ट्रॅक्टर. लाल म्हणजे मूळचा लाल. बॉनेटचा रंग उडाला होता, पण हेडलाइटला हळदकुंकू ताजं होतं. त्यांच्या पत्नी शालनवहिनी बुटक्या, चपळ, बोलायला कमी. गोठ्यात दोन म्हशी, त्यांचं दूध वहिनी डेअरीला घालतात, आणि त्या व्यवहारात बापूंनी बोट घालायचं नाही, असा घरातला कायदा आहे.

चहा आला. मग मी कामाचं समजावून सांगायला बसले. एक लिटर डिझेल जाळलं की अडीच किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइड निघतो, हे वाक्य मी अनेक सभांमध्ये बोलले आहे आणि कोणी कधी मान वर केलेली नाही. इथे ओसरीवर जमलेल्यांनी मला तिथेच थांबवलं.

"थांबा," बापू म्हणाले. "लिटरभर डिझेल किलोभर बी भरत न्हाय. मग धूर अडीच किलो कसा? आत कोण भर घालतंय?"

प्रश्न रास्त होता. डिझेलमधला कार्बन जळताना हवेतला प्राणवायू धरतो, त्याचं वजन वाढतं, हे सांगून झालं. चेहरे तसेच. मग मी तांदळावर आले. वाटीभर तांदूळ शिजवला की भात पातेलंभर होतो ना? पाणी धरतो म्हणून. तसंच हे.

वहिनींना हे पटलं, पण शंका होती. "कुठला तांदूळ? घनसाळ का साधा? आन् जुना का नवा? जुना जास्त फुगतोय."

त्यावर कोणीतरी म्हणालं की मग बापूंच्या जुन्या टाकीतलं डिझेलबी जास्त फुगत आसंल. सगळे हसले. बापू हसले नाहीत, आणि का हसले नाहीत ते थोड्या वेळात नंदकुमार आल्यावर कळलं.

नंदकुमार वहिनींचा धाकटा भाऊ. कारखान्यापर्यंत ऊस नेण्याचं या भागातलं काम त्याने अंगावर घेतलं आहे. कोणाचा ट्रॅक्टर लावायचा हे तोच ठरवतो. त्याचा स्वतःचा नवाकोरा निळा ट्रॅक्टर आहे, आणि पुढच्या हंगामात दाजींच्या लाल ट्रॅक्टरच्या जागी आणखी एक नवा आणावा असं त्याच्या मनात आहे. लाल ट्रॅक्टर चढाला दमतो, रांगेत बंद पडतो, बोलणी नंदकुमार खातो. पण विषय काढला की बापूंचं एकच उत्तर ठरलेलं, आणि ते त्यांनी आमच्यासमोरही दिलं.

"जुना हाय, मान्य. पर डिझेल नुस्तं चाटतोय, पीत न्हाय."

असलं उत्तर ऐकून नंदकुमार इतकी वर्षं गप्प बसत आला. बहिणीचं घर, काय बोलणार? आज मात्र ओसरीवर माप घेऊन आलेली बाई बसली होती. "दाजी, आता म्याडमच मोजत्यात न्हवं," तो म्हणाला. "उद्या दोनी ट्रॅक्टर मोजूया. तुमचा कमी खाल्ला तर पुढं कवाच विषय काढणार न्हाय. जास्त खाल्ला तर पुढच्या हंगामाला त्यो नांगराला."

हिवाळ्यातली ही वाहतूक गेली तर त्या घराचं काय राहतं, हे दोन म्हशींकडे बघून मला कळत होतं. ही स्पर्धा नाही, सर्वेक्षण आहे, असं मी म्हटलं. दोनदा म्हटलं. पण कोल्हापूरकरांसमोर दोन वस्तू शेजारी ठेवल्या की ती कुस्तीच होते. बापूंनी मांडीवर हात मारून होकार दिला. वहिनी आत निघून गेल्या.

आम्ही निघताना सर्जेराव जीप सुरूच करेनात. मग वहिनी भरलेली घागर घेऊन समोरून गेल्या, तेव्हा त्यांनी किल्ली फिरवली. रिकामं भांडं समोर असताना पाहुणा दारातून जाऊ द्यायचा नाही, ही इकडची रीत. मला ती आवडली. नाशिकला आम्ही पाहुण्याला पाणी विचारतो, त्याला पाण्याने ओवाळून काढत नाही.

बुधवार. शेत, घर, कारखाना.

मोजायची पद्धत अगदी साधी आहे. सकाळी टाकी काठोकाठ भरायची. दिवसभर तिला कोणी हात लावायचा नाही. संध्याकाळी मापाने पुन्हा काठोकाठ भरायची. जेवढं मावलं तेवढं जळलं. ही पद्धत मी दोन्ही चालकांना समजावली आणि त्यांनी माना डोलावल्या. चालकांनाच समजावली, ही गोष्ट मला नंतर पुष्कळदा आठवली.

दोन्ही टाक्या भरल्या, ट्रॉल्यांमध्ये ऊस चढला. मी लाल ट्रॅक्टरच्या मडगार्डवर, अमेय निळ्याच्या. नंदकुमारने स्पीकर लावला. गाण्याचे शब्द मला सांगता येणार नाहीत, फक्त ते बरगड्यांत ऐकू येत होतं. बापूंनी डिझेल वाचवण्यासाठी गाणं लावलं नाही, आणि ट्रॅक्टर असा चालवला की जणू ट्रॉलीत ऊस नसून अंडी आहेत. सायकलवाले आम्हाला मागे टाकून जाताना बापूंना शुभेच्छा देत होते. उतार दिसला की ते गिअर काढायला बघायचे. तसं केलंत तर मी खाली उतरेन, असं सांगितल्यावर थांबले. मागून सर्जेराव जीपमधून हात बाहेर काढून दोन्ही बाजूंना सारखंच प्रोत्साहन देत होते.

ऊस भरला ते शेत लांबचं; तिथून कारखान्याकडे जाताना मधोमध बापूंचं घर लागतं, म्हणून दुपारी दोन्ही ट्रॅक्टर दारात थांबले. जेवण. तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, मटण, भाकरी. पाहुणे दोन आणि ताटं सात, असा प्रकार. अमेयने तिखट कमी असेल तर बरं, असं प्रथमच मोकळेपणाने सांगितलं. बापूंनी त्याला पांढऱ्याची वाटी पुढे केली. "ह्यो प्या, ह्येला तिखट नसतंय." होतं. मी नको म्हणेपर्यंत भाकरी ताटात पडायची आणि भाकरी पडली की रस्सा यायचा. या जिल्ह्यात ताट रिकामं दिसणं हा यजमानाचा अपमान असतो. वाढता वाढता वहिनी मध्येच मागच्या दाराने कुठेशी गेल्या आणि पदराला हात पुसत परत आल्या. मी भाकरीशी झगडत होते, तेव्हा त्यात लक्षात ठेवण्यासारखं काही वाटलं नाही.

पुढे कारखान्याची रांग. ऊस उतरवायच्या जागेपर्यंत नंबर यायला दुपार गेली. लाल ट्रॅक्टर एकदाही बंद पडला नाही, आणि बापू प्रत्येक वेळी मागे वळून नंदकुमारकडे बघत.

संध्याकाळी घरासमोर निम्मी गल्ली जमली होती. कोणीतरी फेटासुद्धा आणला होता. आधी निळा ट्रॅक्टर. मी माप भरून देत गेले, अमेय ओतत गेला, आकडा आमच्या अंदाजाच्या आसपास आला. नंदकुमारचा चेहरा निवांत. मग लाल. अमेयने पहिलं माप ओतलं, दुसरं ओतलं, आणखी थोडं ओतलं आणि टाकी तोंडाशी आली. लोकांनी शिट्ट्या वाजवल्या. फेटा बापूंच्या डोक्यावर चढला. नंदकुमार टाकीत वाकून वाकून बघत होता.

अमेय माझ्या कानाशी आला. एवढ्या डिझेलवर एवढा ऊस ओढणं कोणत्याही इंजिनाला शक्य नाही, तो म्हणाला. मलाही ते दिसत होतं. चांगला आकडा आणि खोटा आकडा यांतला फरक कळणं, एवढंच आमचं शिक्षण. गप्प राहिले असते तर लाल ट्रॅक्टर कायमचा वाचला असता, आणि राज्याच्या हिशेबात मुरगूडचे ट्रॅक्टर हवेवर चालतात अशी नोंद झाली असती. मी मोठ्याने विचारलं, "दिवसभरात या टाकीला कोणी हात लावला का?"

बापूंनी लगेच शपथ घेतली. ती खरी होती, ते चेहऱ्यावर दिसत होतं. तेवढ्यात दारातून वहिनी म्हणाल्या, "मी भरली की. दुपारी, तुमी जेवत व्हता तवा."

गोठ्यामागे डिझेलचा एक कॅन असतो. ट्रॅक्टर दुपारी दारात आला की त्यातलं टाकीत ओतायचं, हे त्या रोजच करतात. रिकाम्या टाकीने माणूस दारातून बाहेर काढायचा नाही. घागरीला जी रीत, तीच टाकीला. सकाळी मी चालकांना काय समजावलं ते त्यांच्यापर्यंत आलंच नव्हतं, त्या तेव्हा डेअरीला गेल्या होत्या.

"मग माझी का न्हाय भरली, अक्का?" नंदकुमारने विचारलं.

"तुजी बायकू भरंल."

लोक हसले, आणि मग हळूहळू थांबले, कारण बापू हसत नव्हते. फेटा तसाच डोक्यावर. ते वहिनींकडे बघत होते.

"रोज?"

"व्हय. रोज."

"मजी... चाटतोय म्हनत व्हतो त्ये..."

कॅन कशाच्या पैशांतून भरतो हे कोणी विचारलं नाही. दुधाच्या व्यवहारात बापूंनी कधी बोट घातलेलं नव्हतं. बापू नेहमीपेक्षा पुष्कळ खालच्या आवाजात म्हणाले, "सांगायचं की."

"किती खुशीत सांगत व्हता लोकास्नी," वहिनी म्हणाल्या. "कशाला सांगू?" आणि चहा टाकायला आत गेल्या.

मी जाहीर केलं की लाल ट्रॅक्टरचा आजचा आकडा रद्द. पुन्हा मोजावा लागेल, आणि या वेळी कॅन माझ्या ताब्यात राहील. नंदकुमारला खरं तर पुन्हा मोजायची गरज नव्हती. इंजिन काय खातं ते त्याला कळून चुकलं होतं. तो बराच वेळ आपल्या निळ्या ट्रॅक्टरला टेकून उभा राहिला. आतून कपबशांचा आवाज आला तेव्हा म्हणाला, "आकडा न्हाय तर निकाल बी न्हाय. म्याडम परत येऊन मोजस्तवर दाजींचा ट्रॅक्टर हाय तिथंच हाय."

बापूंनी फेटा काढून गुडघ्यावर ठेवला. चहा पिऊन झाल्यावर तो पुन्हा डोक्यावर घातला आणि आम्हाला जीपपर्यंत पोचवायला आले.

गुरुवार. परतीचा दिवस.

त्याच दिवशी पुन्हा मोजायचा माझा विचार होता, पण लाल ट्रॅक्टरचा कारखान्याचा नंबर लागत नव्हता आणि अमेय अंथरुणातून उठत नव्हता. त्याला ताकभात दिला. सर्जेरावांनी त्याला बसमध्ये बसवताना दिलासा दिला की दुसऱ्या खेपेला सवय हुईल. मला त्यांनी विचारलं की पुन्हा याल तवा टाकी कुठं भरायची. कोल्हापुरातच, असं मी ठणकावून सांगितलं. त्यांनी मान डोलावली, आणि ती मान मला आता ओळखू येते.

नाशिकला आल्यावर अहवाल लिहायला घेतला. उसाचे ट्रॅक्टर हंगामात वाहतुकीच्या खात्यात धरावेत, अशी शिफारस केली आहे. हद्दीपलीकडच्या डिझेलवर वेगळं टिपण जोडलं आहे. निळ्या ट्रॅक्टरचा आकडा चौकटीत आहे. त्याच्या शेजारची चौकट रिकामी आहे.

पुन्हा यायचा दिवस ठरवायला मी वहिनींना फोन केला. त्या आठवड्यात म्हैस व्यायची होती. पुढच्या आठवड्यात ट्रॅक्टरचं टायर काढलं होतं. त्यापुढे पाहुण्यांकडे लग्न. शेवटी मी नंदकुमारला लावला. त्याला तरी आकड्याची घाई असेल, असं वाटलं होतं. त्याच्यामागे गाणं वाजत होतं, म्हणून तो ओरडून बोलत होता. "या की निवांत, म्याडम. गडबड काय हाय? अक्का म्हनत्या, पावण्यांस्नी त्रास नगो."

हंगाम आता संपत आला आहे. ऊस संपला की मोजायला काही उरणार नाही, आणि मग गोष्ट पुढच्या वर्षावर जाईल. अमेयचं म्हणणं, चौकटीत ‘माहिती उपलब्ध नाही’ असं लिहून मोकळं व्हावं. मी तसं लिहिलेलं नाही. कोल्हापूरच्या यादीतल्या बाकी सगळ्या ओळींपुढे खूण झाली आहे. मापसुद्धा टेबलावर झाकण लावून तयार आहे. एक ओळ तेवढी राहिली: बापूंचा ट्रॅक्टर पुन्हा मोजणे, आधी वहिनींकडून कॅन मागून घेणे.